केळफुलाची पट्टी कोणत्या रंगाची

डोळा लागतो आहे की लागलेला आहे, हे कुमुद बेंडाळेला नक्की सांगता येत नाही. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास नाकाशी आहे, म्हणजे ती जागी असावी. पण कूलरची घरघर थांबली आहे आणि वीज गेल्याचं तिला आठवत नाही, म्हणजे नसावीही. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आहे, गाव रावेर आहे, या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पोटावर प्रुफाचे कागद पालथे पडले आहेत. हातात पेन आहे आणि टोपण उघडं आहे. चादरीला शाई लागेल, असं तिच्या मनात येतं. ते पुरतं मनात यायच्या आत बोटं सैल होतात.

प्रुफं 'परीक्षानळी'ची आहेत. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेलं हे त्रैमासिक. त्याची एक रीत आहे. कुणीही प्रयोग लिहून पाठवावा, पण दुसऱ्या कुणा शिक्षकानं तो आपल्या हातानं करून बघितल्याशिवाय छापायचा नाही. लेखाच्या खाली एक ओळ असते, 'करून पाहिलं', आणि पुढे त्या दुसऱ्याचं नाव. लेखकाच्या नावापेक्षा वाचणारे आधी ती ओळ बघतात. अलीकडे तिथे बहुतेक वेळा कुमुदचं नाव असतं, कारण ती सहजासहजी सही देत नाही. मागच्या अंकासाठी एकानं पाठवलेल्या प्रयोगात परीक्षानळी बर्फात ठेवायची होती. कुमुदनं त्याला फोन करून एवढंच विचारलं, "सर, तुमच्या गावात बर्फ कुठे मिळतो?" तिकडून उत्तर यायला इतका वेळ लागला की ती समजली. लेख परत गेला.

आता तिच्या पोटावर पालथा पडलेला लेख वारके सरांचा आहे. हेमराज वारके. अकरावी-बारावीला त्यांनी तिला शिकवलं, पुढे त्याच कनिष्ठ महाविद्यालयात ती त्यांच्या हाताखाली रुजू झाली, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. सर गेल्या थंडीत वारले. अंक त्यांच्या स्मरणाचा आहे, आणि आजारी पडण्याआधी त्यांनी स्वतः पाठवलेला हा शेवटचा लेख त्यात पहिल्या पानावर जायचा आहे. लेखाचं नाव आहे, 'केळफूल रंग का बदलत नाही?'

लेख साधा आहे. रावेरच्या बागांमध्ये घड धरला की केळफूल तोडून बांधावर टाकतात. त्याची जांभळी सालं उकळून, तो रंग कागदाच्या पट्ट्यांना लावला, तर लिटमस न परवडणाऱ्या शाळांना फुकटात आम्ल-अल्कली ओळखता येईल, असं सरांना वाटलं. त्यांनी पट्ट्या केल्या. लिंबाच्या रसात पट्टी गडद गुलाबी झाली. चुन्याच्या निवळीत फिकट गुलाबी झाली. म्हणजे फुलानं रंग बदललाच नाही, नुसता फिका केला. असं का व्हावं, याचा शिक्षकांनी विचार करावा, अशी विनंती करून लेख संपतो.

कुमुदनं पट्ट्या केल्या. चुन्याच्या निवळीत पट्टी हिरवी झाली. चुना बदलला, तरी हिरवी. दुसऱ्या बागेतलं फूल आणलं, शाळेतलं शुद्ध पाणी वापरलं, तरी हिरवी. यात शंकेला जागाच नव्हती, कुठल्याही लहान पोरानं सांगितला असता असा रंग.

म्हणजे सरांनी प्रयोग केलाच नव्हता. हे वाक्य मनात आल्यापासून तिचं दुसऱ्या कशात लक्ष नाही. एक लेख बसून लिहिलेला असेल, तर आधीचे? त्या लेखांवर ती शिकवायला शिकली. 'रंग मी सांगणार नाही' हा त्यांचा लेख तिला जवळजवळ पाठ आहे. शिक्षकानं कधीही रंग सांगू नये, नळी उंच धरावी आणि वर्गाला विचारावं, असं त्यात होतं. कुमुद आजही रंग सांगत नाही.

सकाळी संपादक सोनवणे यांचा फोन आला होता. "मॅडम, गुलाबी काढा, हिरवा टाका, खाली सही करा. संपला विषय. गेलेल्या माणसाची कसली तपासणी करता?"

"रंग बदलला तर लेखच राहत नाही, सर. लेखाचं नावच 'रंग का बदलत नाही' आहे."

"मग लेख काढा, आठवणी टाकू. पण संध्याकाळी छपाईला जायचंय."

पाठोपाठ काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन. अंक कधी येतो, पहिल्या पानावर तेच आहेत ना, एवढंच त्यांना हवं होतं. मग उगाच बोलत राहिल्या. घराला रंग द्यायला काढलाय. "ते असते तरी मलाच ठरवावं लागलं असतं गं. रंगाचं काही विचारलं की 'तुला आवडेल तो'. भाजीला पाठवलं तर टोमॅटो निम्मे कच्चे आणायचे. मास्तर माणूस, लक्ष कुठे असतं." कुमुद हसली होती आणि फोन ठेवून पुन्हा त्या एका शब्दाकडे बघत बसली होती. गुलाबी.

जेवणाच्या टेबलाशी कुणीतरी बसलंय. पलंगावरून तिला पाठ दिसते. फिक्या निळ्या शर्टाची, खडूची पूड खांद्यावर असलेली पाठ. सर केळफूल सोलत आहेत. एकेक जांभळं साल ओढून ते टेबलावर ओळीनं मांडत आहेत, जसे ते वर्गात चंचुपात्रं मांडायचे.

ते वारलेत, हे कुमुदला ठाऊक आहे. ती स्वतः अंत्यविधीला गेली होती. म्हणून ती आधी त्यांच्या पायांकडे बघते. पायांत चपला आहेत, आणि त्या दारातच काढायच्या असतात हे ते कधी विसरत नसत.

"सर, तुम्ही आत कसे आलात?"

"दार उघडं होतं."

"मी कडी लावली होती."

"मग कडी लावलेली होती," सर म्हणतात. त्यांच्यासमोर चहाचा कप आहे. तो कुणी केला, हे तिला माहीत नाही. ते कपावरून हाताचा पंजा हलवून वाफ नाकाकडे घेतात. आयुष्यभर त्यांनी कुठल्याही भांड्यावर थेट नाक नेलं नाही, वरणाच्याही नाही. "साखर कमी आहे," ते वासावरून सांगतात.

"सर, हाताला तेल लावा. चीक निघत नाही मागून."

"राहू दे. आता कुणाला दाखवायचेत हात?" त्यांची बोटं टोकांशी काळी पडायला लागली आहेत.

ती उठून समोर जाऊन बसते. विषय घोळवायचा नाही, असं तिनं ठरवलंय. न करता लिहिणाऱ्यांना सरळ विचारावं लागतं. "सर, हा प्रयोग तुम्ही केला होता?"

"चुना कुठला वापरलास?"

"मी विचारतेय ते सांगा."

"तेच सांगतोय. चुना पानाच्या टपरीवरचा असेल. त्यात कात गेला की खेळ खलास."

"टपरीवरचा वापरला, दुकानातला कोरडा आणून विझवला, शाळेतला वापरला. कात नाही, काही नाही."

"आणि फूल? देशी की त्या नव्या रोपांचं?"

"दोन्ही."

"कागद?"

"सर, तुम्ही मला शिकवलंय, की जो माणूस उत्तराऐवजी प्रश्न विचारतो त्याचं रीडिंग जुळवलेलं असतं."

सर हसतात. ते हसणं तिला आवडत नाही. पकडला गेलेला विद्यार्थी असाच हसतो. "मी असं म्हणालो होतो? फारच शहाणा होतो की मी."

टेबलाचा सनमायका गार लागतो. ती हात उचलते, तर खाली प्रयोगशाळेचा काळ्या दगडाचा ओटा आहे. त्यावरची जुनी भाजलेली वर्तुळं तिच्या ओळखीची आहेत. पाठीमागे बाक भरले आहेत. गणवेश दिसतात, चेहरे नीट दिसत नाहीत. ती स्वतः पहिल्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला बसली आहे, जिथे ती बारावीला बसायची. अंगावर मात्र आजचीच साडी आहे. सर फळ्यापुढे उभे आहेत आणि त्यांनी परीक्षानळी उंच, उजेडात धरली आहे.

"रंग?"

मागे पुस्तकांची पानं चाळली जातात.

"रंग सांगा रे, पोरांनो. पुस्तकात काय लिहिलंय ते नको. नळीत काय दिसतंय ते."

हे वाक्य तिनं शेकडो वेळा ऐकलंय आणि तितक्याच वेळा स्वतः म्हटलंय. पण आज ती नळीकडे बघत नाही, सरांच्या तोंडाकडे बघते. ते वर्गाची परीक्षा घेत आहेत असं तिला वाटत नाही. परीक्षा घेणारा माणूस निवांत असतो, उत्तर त्याच्या खिशात असतं. सरांची नजर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातेय, एसटीची वाट बघणाऱ्याची जावी तशी.

"कुमुद. रंग?"

हा सापळा आहे, असं तिला वाटतं. ती सांगेल, आणि मग ते म्हणतील, बघ, मी तेच लिहिलं होतं.

"तुम्हीच सांगा, सर."

"मी सांगत नसतो. ती माझी पद्धत आहे."

"आज पद्धत मोडा."

"बेंडाळेबाई," सर म्हणतात. वर्गात ती विद्यार्थिनी असतानाही, चिडले की ते तिला बाई म्हणायचे. "अख्खी दोन वर्षं पहिल्या बाकावरून ओरडून सांगत होतीस, मी विचारायच्या आधी. आज तोंडाला कुलूप?"

"आज मी तपासायला बसलेय."

ते नळी खाली करतात. तिच्या मनात नोंद होते: रंग सांगितला नाही.

सर दाराकडे वळतात आणि ती त्यांच्या मागे निघते, कारण त्यांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर व्हरांडा असायला हवा. तिथे आठवड्याचा बाजार आहे. गोणपाटांवर वांगी, मिरच्या, मेथी, टोमॅटोचे ढीग. ऊन आहे, पण सावल्या कुणाच्याच पडलेल्या नाहीत. सर एका ढिगासमोर उकिडवे बसलेत, मांडीवर कापडी पिशवी आहे. ते टोमॅटो उचलतात, अंगठ्यानं दाबतात, खाली ठेवतात. दुसरा उचलतात, दाबतात, पिशवीत टाकतात.

"मास्तर, दाबू नका हो," भाजीवाली म्हणते. "दिसत नाही का? समोर लालभडक पडलेत."

"दिसतंय, दिसतंय," सर घाईनं म्हणतात आणि पुढचा टोमॅटो दाबतात.

कुमुद पिशवीत डोकावते. निम्मे लाल आहेत, निम्मे हिरवे. सर एकेक निवडून घेत आहेत, अगदी मन लावून, आणि तरी निम्मे हिरवे. काकू म्हणाल्या होत्या, मास्तर माणूस, लक्ष कुठे असतं. लक्ष इथेच आहे. इतकं लक्ष देऊन टोमॅटो घेणारा माणूस तिनं पाहिलेला नाही.

"सर, तुम्ही दाबून का बघता?"

"पिकलेला मऊ असतो."

"पिकलेला लाल असतो."

हातातल्या टोमॅटोवरून पंजा हलवून सर वास घेतात, जणू त्यातून वाफ निघतेय. भाजीवाली ढीग आवरायला लागते. तिचा तराजू प्रयोगशाळेतला आहे, काचेच्या पेटीतला, आणि पेटीचं दार बंद आहे.

मघापासून कुमुद त्यांचं खोटं शोधत होती. आता तिच्या लक्षात येतं की खोटं असेलच तर ते वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि फार जुनं आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहे. हे तिला घंटेमुळे कळत नाही, खोलीतल्या शांततेमुळे कळतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या खुर्चीवर ती बसलीय, पुढ्यात बिस्किटांची बशी आहे. टेबलाच्या पलीकडे उमेदवार उभा आहे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं काळी. सरांना खुर्ची द्यावी असं तिला वाटतं, पण परीक्षेत उमेदवाराला खुर्ची देत नाहीत.

टेबलावर दोन पट्ट्या आहेत.

"ही?" ती पहिलीवर पेन ठेवते.

"गुलाबी. गडद."

"ही?"

सर वाकतात. पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, खिडकीकडे वळवतात. त्यांना वेळ लागतो. "गुलाबी," ते म्हणतात. "फिकट."

पट्टी हिरवी आहे. खोलीत दुसरं इतकं हिरवं काहीच नाही.

ती नापासाचा शेरा लिहायला पेन उचलते आणि थांबते. काहीतरी जुळत नाही. बनाव करणाऱ्यांचे लेख तिनं खूप पाहिलेत. ते सगळे एकाच गोष्टीनं पकडले जातात: त्यांचं सगळं बरोबर असतं. घरी बसून लिहिणारा माणूस पुस्तकातलं उत्तर लिहितो. आणि जांभळ्या फुलांचा रंग अल्कलीत हिरवा होतो, हे नववीच्या पोरालाही येतं.

"सर, जास्वंदीचा रंग चुन्यात काय होतो?"

"हिरवा."

"लाल कोबीचा?"

"हिरवाच. पुढे पिवळा."

"मग केळफुलाचाही हिरवाच व्हायला हवा, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. म्हणून तर आश्चर्य वाटलं. म्हणून तर लेख लिहिला."

"बसून लिहिला असता तर तुम्ही हिरवाच लिहिला असता."

"बसून कसा लिहीन?" सर दुखावल्यासारखे बघतात. "करून पाहिलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पुस्तकात हिरवा होता, कुमुद. पट्टीवर नव्हता. मला दिसलं ते मी लिहिलं. दुसरं काय लिहायचं?"

ती पेनाचं टोपण लावते. "सर, तुम्हाला हिरवा दिसत नाही."

"हळू बोल. वर्ग आहे."

"तांबडा आणि हिरवा तुम्हाला वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत."

खोलीत वर्ग नाही. बाक रिकामे आहेत, आणि त्यांवर टोमॅटो ओळीनं मांडलेले आहेत. सर एकदा मागे वळून खात्री करून घेतात.

"म्हणून तुम्ही रंग सांगत नव्हता," कुमुद म्हणते. "आणि आम्ही त्याला पद्धत समजलो. मी आजही वर्गात रंग सांगत नाही, सर. मला दिसत असून सांगत नाही!"

"पद्धत चांगलीच आहे ती," सर म्हणतात. "मुलं बघायला शिकतात. त्यात खोटं काही नाही."

"आणि आधीच्या लेखांतले रंग?"

"तुमचे. सगळे तुमचे. तू सांगितलेस, तुझ्या आधीच्यांनी सांगितले, नंतरच्यांनी सांगितले. मी लिहून घेतले. एक रंग माझा नाही त्यात."

"मग या वेळी कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारू? निवृत्त झालो. वर्ग कुठाय?"

"काकूंना."

"तिला विचारलं असतं तर तिला कळलं असतं. इतक्या वर्षांनी तिला काय सांगायचं, तुझी एकही साडी मी नीट पाहिली नाही?" ते पट्टी पुन्हा उचलतात. आता ते तिच्याशी बोलत नाहीत, पट्टीशी बोलत आहेत. "तुम्ही पोरं काय काय म्हणायचात. पोपटी. शेवाळी. मुगाच्या डाळीसारखा. मला वाटलं, इतकी वर्षं ऐकून ऐकून आता दिसायला लागलं असेल."

बशीतली बिस्किटं मऊ पडली आहेत.

मग सरांचा चेहरा बदलतो. ते टेबलावरून पुढे वाकतात आणि आता ते तिच्याकडे तसे बघत आहेत, जशी ती मघापासून त्यांच्याकडे बघत होती. "तू काय छापणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"खोटं. तू आधी ठरवतेस आणि मग विचारतेस. मी तुला ओळखतो. काय, वारके मास्तर आंधळा होता, असं? का तो सोनवणे म्हणतो तसं, गुलाबी खोडून हिरवा?" सोनवणे काय म्हणाले हे त्यांना कसं कळलं, असा प्रश्न तिला पडतो. ती तो बाजूला ठेवते. "गुलाबी खोडू नकोस. चूक असला तरी तेवढा एकच माझा आहे."

"नाही खोडणार."

"आणि सही?"

"मला दिसलं ते मी लिहिणार, सर. तुम्हाला दिसलं ते तुम्ही लिहिलंय."

सर तिचं मनगट धरतात. पकड घट्ट आहे, बोटं चिकट आहेत, आणि गार. दुसऱ्या हातानं ते पट्टी उंच, खिडकीच्या उजेडात धरतात, आणि या वेळी त्यांच्या आवाजात मास्तर नाही.

"कुमुद. रंग?"

"हिरवा, सर."

"असं नको. नीट सांग."

ती बघते. "केळीचं नवं पान सुरळीतून उलगडतं ना, उलगडायच्या आधी, अजून आतच असतं तेव्हा त्याचा असतो तसा. कडेला थोडा पिवळा. मधे, जिथे कागद जाड आहे तिथे, गडद."

सर डोळे मिटून ऐकतात. "कडेला पिवळा," ते म्हणतात. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा सांग."

ती पुन्हा सांगायला लागते आणि घरघर सुरू होते.

कूलर चालू आहे. छताचा पंखा हळूहळू वेग घेतोय, म्हणजे वीज गेलीच होती आणि आत्ता आली. पेन चादरीवर पडलंय, चादरीला शाई लागलेली नाही. दाराला आतून कडी आहे. टेबलावर काहीच नाही, तिनं सकाळीच सगळं आवरून केळफुलाची सालं बाहेर टाकली होती. कप नाही.

फोन वाजतोय. सोनवणे.

"मॅडम, काय ठरलं? लेख काढू?"

"लेख जसा आहे तसा जाऊ द्या. एक शब्द बदलायचा नाही. खाली माझी ओळ घ्या. लिहून घेताय?" ती उठून बसते आणि सावकाश सांगते, "करून पाहिलं, कुमुद बेंडाळे. चुन्याच्या निवळीत सरांना फिकट गुलाबी दिसला, मला हिरवा दिसला, कडेला पिवळा. तुम्ही पट्टी करा, उंच धरा, आणि रंग वर्गाला विचारा."

सोनवणे लिहिलेली ओळ पुन्हा वाचून बघतात. "अहो, पण एकाच पट्टीचे दोन रंग झाले ना."

"झाले."

"वाचणाऱ्यानं कोणता खरा धरायचा?"

"करून पाहावं."

सोनवणे हसतात, मग हसायचं थांबतात. "काकूंना चालेल हे?"

"काकूंना पहिलं पान हवंय. ते मिळतंय."

फोन ठेवायला ती हात पुढे करते आणि तेव्हा तिला मनगट दिसतं.

डाव्या मनगटावर डाग आहेत. वरच्या बाजूला चार, शेजारी शेजारी, आणि आतल्या बाजूला एक, रुंद. ती आधी संशयच घेते. केळफूल तिनं काल सोललं होतं, पण हाताला कोपरापर्यंत तेल लावून. आज सकाळी अंघोळीला हात स्वच्छ होते, दुपारी पोळ्या लाटतानाही होते. ती उजव्या हाताची बोटं त्या चार डागांवर ठेवून बघते. बसत नाहीत. तिची बोटं आखूड आहेत. डाग तिच्या बोटांच्या पुढे जातात, एखाद्या उंच माणसाच्या हाताचे असावेत तसे.

ती मोरीत जाऊन साबण लावते. मग लिंबू चोळते. मग तेल. केळीचा चीक असा जात नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे, तरी ती घासत राहते. शेवटी ती खिडकीशी येते, हात उंच करते आणि मनगट उजेडात धरते.

रंग कुणाला विचारायची गरज नाही. काळा.